बोडक्या शिंगांच्या गायी

हॅलो?… हो, बुर्गाच बोलतेय. मोठ्याने बोल आफ्रा, गायींच्या गळ्यातल्या घंटांमुळे काही ऐकू येत नाही… निघाले ना, वरच्या कुरणावरून पहाटेच निघाले. चौदाच्या चौदा गायी आहेत सोबत.

काय म्हणतो सिनेमाचा डिरेक्टर?… फुलं? कसली फुलं?… कागदाची, शिंगांना बांधायला. व्हिएन्नाहून गाडी भरून. बरं. मग तुझ्या खाणावळीतल्या टेबलांवर मांड ती, शोभतील.

नाही… नाही म्हटलं ना… अगं ऐक ना. पोस्टरवर छान दिसतं म्हणून मी गायींच्या नवऱ्या करू? सिनेमा कसला आहे? खुनाचा, आणि आज घेताय तो त्याच दिवसाचा प्रसंग. कादंबरी कुणाची? माझी. आठवीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईची, गोठ्यात बसून लिहिलेली. त्यांना आवडली म्हणूनच आले ना इथवर?

काय फरक पडतो? हे तू विचारतेस? त्या डिरेक्टरचं मी समजू शकते, त्याने गाय दुधाच्या पुड्यावरच पाहिलेली. तू इथली आहेस. एरवी गायी सजून उतरतात, पण उन्हाळ्यात वर कुरणावर कुणी मेलं तर त्या वर्षी खाली कशा येतात?… बोल ना… हं. बोडक्या. ना फुलं, ना फिती. सुतक असतं.

आणि माझा भाऊ कासियान वर गासरसोबत गुरं राखताना गेला, त्या वर्षी गासरच्या गायी कशा आल्या?… हो, हो, त्याला मरून नऊ वर्षं झाली, ठाऊक आहे मला. मेला म्हणून धुतला गेला का? पोलिसांना काय म्हणाला तो? कासियान वरच मागे राहिला होता, कड्यावरून पडल्याचं मला संध्याकाळी कळलं. संध्याकाळी. गायी उतरल्या दुपारी. बोडक्या… माझ्या भावाला ढकलताना कचरला नाही तो. पण मुडदा वर टाकून सजवलेली गुरं खाली आणायची छाती झाली नाही. बापजाद्यांची रीत आडवी आली.

तेवढा एकच पुरावा होता, आफ्रा. पोलीस शहरातला, त्याला काय कळणार. पण गावाला कळलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून सगळ्यांनी पाहिलं आणि घरी जाऊन सूप प्यायलं. आज फुलं घातली की पुरावाच गेला. गासर सुटला, दुसऱ्यांदा.

करार वाचलाय मी… हो, शेवट बदलायचा हक्क त्यांचा. गायी माझ्या. दुसऱ्या आणा म्हणावं.

कुणाच्या?… गासरच्या पोराच्या?… थांब. फुलांची कल्पना त्याची आहे? डिरेक्टरची नाहीच?… पर्यटन समितीचा अध्यक्ष म्हणून. पाहुण्यांना सुतक कशाला दाखवायचं, असं का. मग आधी का नाही सांगितलंस?… खाणावळ चालायला हवी, हो. सगळ्यांचं काही ना काही चालायला हवं असतं.

बापाचं पाप मी त्याच्या माथी मारत नाही. पण झाकायला आला तर माझ्याशी गाठ आहे.

तू कुठे उभी राहणार आज? सिनेमातल्या गर्दीत?… बेकरीसमोर. तेव्हाही तिथेच होतीस. सोळा वर्षांची. मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू मान खाली घातलीस… नको, रडू नकोस. माफी नकोय मला. आज मान वर ठेव, एवढंच कर.

आणि डिरेक्टरला सांग, कॅमेरा चालू ठेव नाहीतर घरी जा. गायी एकदाच उतरतात.

काय?… शेजारीच उभा आहे गासरचा पोरगा? दे त्याला… नको म्हणतो? बरं. मग एक कर, फोन त्याच्या कानापाशी धर. मी काही बोलत नाही, घंटा ऐकू दे त्याला. पुलावर आलोय आम्ही.

ऐक रे, गासरच्या पोरा.

…

हं. ठेवते.