सरावाची पेशंट

—नाही नाही, बाहीवरून नको गुंडाळूस पट्टा, मॅडम ओरडतील तुला. बाही वर कर माझी—हां, अशी. आणि घाबरतेस काय एवढी? निम्मा वर्ग याच दंडावर शिकलाय. मी सरावाची पेशंट आहे गं, खरी नव्हे! तुमच्या मॅडम आमच्या खालच्या मजल्यावर राहतात ना, त्यांनीच विचारलं—मावशी, नर्सिंगच्या मुलींना बीपी घ्यायला शिकवायचंय, गुरुवारी येऊन बसाल का? बसाल का म्हणे! मी बुधवारीच कपडे काढून ठेवते इस्त्रीचे. काय? बोलू नको? हो गं, ठाऊक आहे, बोललं की बीपी वाढतं. मग माझं वाढणारच की, आठवडाभराचं साठवून आणते मी! बरं, फुगव. बसले गप्प.

—झालं? किती आलं? अशी काय बघतेस त्या काट्याकडे? परत घेणार? घे की, हात काय पळून चाललाय! काय—आधी पाच मिनिटं शांत बसायचं? अगं, शांत बसणं मला नवं आहे का? घरी दुसरं काय करते मी? सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली बघ, याचं बोलणं त्याला जोडून दे, त्याचं हिला जोडून दे, दिवसभर नुसता कलकलाट कानात, तेव्हा वाटायचं कधी एकदा शांतता मिळते. मिळाली बाई! आता फोन वाजतो तो रविवारी. लेक असते. काय गं आई, बरी आहेस ना—आणि मी हो म्हणायच्या आत, चल ठेवते! वाईट नाही हो ती, तिच्यामागे तिचे व्याप आहेत. पण तुम्ही मुली कशा, खुर्ची ओढून समोर बसता, झोप लागते का विचारता, जेवण जातं का, चक्कर येते का, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबता. मॅडमनी शिकवलंय म्हणून थांबत असाल, असेना का, थांबता तर खरं! मला फार बरं वाटतं गं. हो हो—गप्प.

—आता दुसऱ्या हाताचं? घे. अगं, हळू फुगव, मुंग्या आल्या. तेवढंच आलं? थोडं जास्तच? मग तोंड का पाडलंस? वाढलेलं ऐकायला मिळालं तुला, नशीब काढलंस! मागे माझं अगदी नॉर्मल यायला लागलं होतं, तर मॅडम म्हणाल्या, मावशी, मुलींना वाढलेलं बीपीही कळायला हवं, पुढच्या गुरुवारी त्या कोपऱ्यावरच्या आजोबांना बोलावते, तुम्ही आराम करा. आराम! त्या गुरुवारी मी घरात बसून होते, इस्त्रीचे कपडे घालून, वेड्यासारखी. शेजारचं दार वाजलं तरी उठून बघत होते. मग काय करणार—गुरुवारची बीपीची गोळी घ्यायची नाही, असं ठरवलं. एवढंच. आणि लागलं की वाढायला थोडं! खाली मॅडमकडे जाऊन मोजून घेतलं, आजोबांना सुट्टी मिळाली, मी आले परत. मॅडमनी विचारलं हो मला, डॉक्टरांना दाखवलंत का म्हणून. दाखवलं म्हटलं. मग बुधवारची पण सोडली, म्हणजे नीट वाढेल. मग म्हटलं, मधली तरी कशाला घ्यायची—

असं नको बघूस गं. कधीपासून? आता ते कशाला... झाला असेल महिना. डोकं? दुखतं थोडं, मागच्या बाजूला. मगाशी तुमचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून उभी राहिले, पण ते वयच आहे माझं. हे सगळं तुला सांगायचं नव्हतं मला. तू चांगलं ऐकून घेतेस, म्हणून निघून गेलं तोंडातून.

—उठलीस कुठे? ए, थांब! मॅडमना नको सांगूस. बाळ, ऐक माझं, लिही की काहीतरी जरा कमी, कोणाला कळतंय? मी आजच घरी जाऊन घेते गोळी, नाहीतर पिशवीत आहे एक, तुझ्या देखत घेते, आण पाणी. अगं, मॅडम आल्या की मला खरी पेशंट करतील! खऱ्या पेशंटला कोणी सरावाला बोलावत नाही. औषधं लिहून देतील, पथ्य सांगतील, आराम करा म्हणतील, आणि गुरुवारी त्या आजोबांचा हात असेल इथे. मग मी कुठे जाऊ? सांग ना, कुठे जाऊ मी?

...रडू नकोस. तू का रडतेस? तुझं काही चुकलं नाही, बरोबर घेतलंस तू, दोन्ही हातांचं घेतलंस, शाबास. पुस नाक. जा, बोलाव मॅडमना. जा म्हणते ना! आणि जाताना तो पडदा ओढून घे तेवढा, बाकीच्या मुली बघताहेत.