माधव असला की घाई नसायची

शुभाताई, भावासाठी नागपूरहून आलेल्या तुम्ही, आणि कामावरून सुट्टी काढून ब्रिस्टलच्या या हॉलमध्ये जमलेले आपण सगळे... बोलायला उभा राहिलो खरा, पण तो हक्क मला आहे का, हेच कळत नाही.

आपला माधव जनावरांचा डॉक्टर. नागपूरहून आला आणि शहराबाहेरच्या एका कत्तलखान्यात लागला. कापण्याआधी प्रत्येक जनावर तपासायचं, निरोगी असेल तर सही करायची, हे त्याचं काम. तेव्हा तो मटण खायचा. आम्हालाही करून घालायचा. काय मटण करायचा!

मग एकदा माझ्याकडे आला. समोरचा चहा तसाच राहिला. म्हणाला, "आज एक मेंढी तपासत होतो रे. तिनं माझ्या हातावर हनुवटी टेकवली. आणि मी 'तंदुरुस्त' लिहून सही केली."

त्या दिवसापासून त्यानं मांस सोडलं.

मी म्हणालो, "अरे, जनावरांना काय कळतंय?"

"भीती कळते. मी रोज बघतो."

"मग नोकरी सोड."

"सोडली, तर तिथं त्यांच्याकडे बघणारं कोण उरेल?"

मित्रांनो, त्यानं कधी कुणाच्या ताटाला नावं ठेवली नाहीत. दर समरला माझ्या घरच्या बार्बेक्यूला यायचा, बाजूला बसून मक्याचं कणीस खायचा. पण तो समोर असला की माझा घास अडायचा. मग दोन समर मी त्याला बोलावलंच नाही. वर ग्रुपवर फोटो टाकले. त्याचा मेसेज आला, "छान झालेलं दिसतंय." एवढाच.

तो गेला तेव्हा घरात एकटा होता. हार्ट अटॅक. आपल्यापैकी कुणालाच पत्ता नव्हता. शिफ्टला आला नाही म्हणून कत्तलखान्यातली माणसं त्याच्या दाराशी गेली. क्रिमेटोरियममध्ये त्यांच्यातला एक थोराड माणूस, रोज सुरी चालवणारा, माझ्याजवळ येऊन रडला. म्हणाला, "डॉक्टर असले की आम्ही घाई करायचो नाही. एखादं जनावर बिथरलं, तर ते शांत होईपर्यंत थांबायचो."

मी अजून मटण खातो. इथं उभं राहून खोटं बोलणार नाही. पण जनावरांना काय कळतंय, असं आता माझ्या तोंडून निघत नाही.

ताई, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्याला तिथं कुणी जवळचं होतं ना?" मी पटकन "हो" म्हणालो. जवळचा म्हणावा असा मीच होतो, ताई. आणि मीच लांब झालो. तुमची माफी मागतो. त्याची मागायची राहून गेली.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

माधवा, आज सगळे आलेत रे.