सबब नाही, सर!

...नाही, पण मी म्हणतो, ज्यांनी मानगूट धरून बाहेर काढलं त्यांच्याच भाऊबंदांपुढं जाऊन विचारायचं, "साहेब, चुकून तर काढलं नाही ना हो?" हा कुठला न्याय? वर आधीच बजावतात, सरकारनं केलं ते बरोबरच केलं असं धरून चालणार, चुकलं असेल तर तुम्ही दाखवा! तुम्हाला सांगतो, सरकार चुकत नाही. नियमच आहे तसा! माझ्या बायकोनं असा नियम काढला नाही एवढंच... की काढला, पण मला कळवला नाही, कोण जाणे.

तर आमचा कॉर्बिन. माझा भाचा, धाकट्या बहिणीचा, ओपलचा पोरगा. अमेरिकेच्या सैन्यातून अफगाणिस्तानात दोन खेपा करून आला, छातीवर पदक, कानात सदानकदा शिट्टी आणि रात्री डोळ्याला डोळा नाही. इकडं केंटकीत ओपल मरणाच्या दारात. यानं रजा मागितली, वरचा म्हणाला, "बघू." बघू! मरणाला कुणी 'बघू' म्हणतं का हो? हा आला निघून. आईला न्हाऊ घातलं, भरवलं, मातीला दिलं आणि लगेच आपणहून गाडी हाणत छावणीच्या फाटकात जाऊन उभा राहिला. त्यांनी काय केलं? रजेशिवाय पळाला म्हणून काढून टाकला, सैन्यातून सोडल्याच्या कागदावर वाईट शेरा मारून! त्या शेऱ्यापायी माजी सैनिकांच्या दवाखान्याचं दार बंद. झोपेचं औषध पाहिजे? आधी शेरा बदलून आणा. तुम्हाला सांगतो, सरकार चुकत नाही!

आता हा शेरा बदलायचा तर पंधरा वर्षांच्या आत अर्ज. हा पठ्ठ्या चौदाव्यात जागा झाला... जागा कसला, मीच ढोसून ढोसून उठवला. गावात एक व्हर्नाबाई आहे, एके काळी सैन्यात ट्रक चालवायची, आता असल्या पोरांच्या केसेस फुकटात चालवते. ती म्हणाली, "काका, सुनावणी घरबसल्या कॉम्प्युटरवर होते. पाच अधिकारी. तिघांना पटलं की काम झालं. कॉर्बिन, तू फक्त मन मोकळं कर राजा, रडू आलं तर रड!" आठवडाभर पोरगं आमच्या फ्रिजपुढं उभं राहून सराव करत होतं. काय बोलायचं हो! फ्रिज पाझरला असता! माझ्या हातातला मक्याचा पाव हातातच राहायचा.

आणि त्या दिवशी? पडदा उजळला, कडक इस्त्रीच्या गणवेशात कर्नल दिसला, आणि खाड्! कॉर्बिन ताडकन उभा, टाचा जुळवून! आता कॅमेरा होता बसलेल्या माणसाच्या उंचीला, त्या पाचांना दिसतोय नुसता कमरेचा पट्टा! कर्नल बिचारा पट्ट्याला म्हणतो, "बसा, मिस्टर स्टॅम्पर." बसला, पण असा, की खुर्चीपेक्षा हाच लाकडाचा!

"छावणी सोडून का गेलात?"

"सबब नाही, सर!"

झालं! मेलो! भरती झाल्या दिवसापासून तेच तर घोटून घेतात ना यांच्याकडून! बूट मळका का? सबब नाही, सर! उशीर का? सबब नाही, सर! ज्यानं कारण सांगितलं त्यानं जोर काढायचे! आणि आता तेच सैन्य कान टवकारून बसलंय, सांग बाबा कारण! व्हर्नाबाईनं टेबलाखालून लाथ हाणली, ती लागली माझ्या कुत्र्याला. कुत्रं केकाटलं. तेवढीच काय ती आमच्या बाजूनं बाजू मांडली गेली!

"अहो, आम्ही कारण ऐकायलाच बसलोय," कर्नल म्हणतो.

"होय, सर! सबब नाही, सर!"

"मग अर्जदाराला काही सांगायचं नाही, अशी नोंद करतो."

मी साक्षीदार होतो. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं बाईनं दहादा बजावलेलं. पण माझं टाळकंच सटकलं. "ओ कर्नलसाहेब! आई मरत होती त्याची! माझी बहीण! शेवटचा घोट याच्या हातचा घेतला तिनं, आणि तुमचा माणूस म्हणत होता 'बघू'!"

कर्नल पुढं वाकला. "खरंय हे?"

"खरंय, सर."

"मग बोलत का नाहीस बाबा?"

पोरगं म्हणालं, "सर... माझी आई म्हणजे सबब नाही, सर."

पाचही जण खाली मान घालून कागद चाळायला लागले. व्हर्नाबाई खिडकीकडं बघत होती. मीसुद्धा. बाहेर काहीही नव्हतं.

निकाल काय त्याच दिवशी देतात? छे! बर्फ पडलं, वितळलं, तेव्हा कुठं कळलं, शेरा बदलला. पूर्ण सन्मानाचा नाही हां, त्याच्या एक पायरी खालचा, पण दवाखान्याला तेवढा पुरतो. आणि चूक झाली असं म्हणाले का? तुम्हाला सांगतो, सरकार चुकत नाही! ते नुसतं दयाळू झालं!

तर गेलो दवाखान्यात. डॉक्टरीणबाई विचारते, "काय त्रास होतोय?" हा उभा, टाचा जुळवून: "काही त्रास नाही, मॅडम!"

आता काय करता? दर खेपेला मी बरोबर जातो, झोप कशी नाही, कानात काय वाजतं, सगळं मीच सांगतो. परवा ती म्हणाली, "काका, तुम्ही का लंगडताय?" मी म्हटलं, गुडघे गेले हो बाई, जरा बघता का?

"बघते की! तुम्ही सैन्यात कधी होता?"

"नव्हतो."

"मग नाही हो बघता येत."