मीनाक्षीच्या नावाला कोणी 'हजर' म्हणू नये

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या इथल्या मराठी मंडळाचे कार्याध्यक्ष माननीय जयंतराव सबनीस, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, बेहाल्यातून चालत आलेली, डमडमहून मेट्रोनं आलेली, सियालदहला गाडी बदलून त्याहूनही लांबून आलेली आपली सगळी कुटुंबं, आणि जिच्यासाठी आपण इथे जमलो ती मीनाक्षी वैशंपायन, आपणा सर्वांना मनोहर दांडेकरचा सविनय नमस्कार.

व्यासपीठावर मीनाक्षीची खुर्ची ठेवली आहे. खुर्चीवर शाल आहे, श्रीफळ आहे, मीनाक्षी मात्र खाली तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसली आहे. सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या नूपुरनं तिला वर बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, "असू दे गं, मला इथून सगळे दिसतात." नूपुरनं मलाही बजावलं आहे, "काका, शॉर्टमध्ये बोला हं, पुऱ्या गार होतील." बाळ, म्हाताऱ्या माणसाच्या भाषणापुढे पुऱ्यांनी आजवर बरंच सोसलं आहे. आणखी थोडं सोसतील.

मी लहानपणाच्या शाळेत फार रमणारा माणूस आहे, हे आपण सगळे सहन करत आला आहात. दुपारचा शेवटचा तास कवितेचा असायचा. गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरायचे, आम्ही चालीवर म्हणायचो, अर्थ पुढे कित्येक वर्षांनी कळायचा. कवितेच्या आधी हजेरी व्हायची. वर्गात एक मुलगा सारखा तापानं आजारी असे. त्याचं नाव आलं की त्याच्या बाकावरचा जोडीदार "हजर" म्हणून टाकायचा. गुरुजी मान वर करून रिकाम्या जागेकडे बघायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. पटावर मात्र गैरहजेरीच मांडायचे. त्यांची फसवणूक झाली होती का? मुळीच नाही. ते वर्गातलं प्रत्येक पोर ओळखत होते.

आपल्या मंडळाची हजेरी अशीच आहे. आज काही नवी मंडळी आहेत, म्हणून सांगतो. आपण इथे बहुतेक बदलीवर आलेली माणसं. बँकेची, सरकारी कंपन्यांची, केंद्र सरकारची. चार वर्षं राहायचं आणि सामान बांधायचं. म्हणून मंडळाच्या संस्थापकांनी एक रीत पाडली. गणपतीच्या शेवटच्या आरतीनंतर हजेरी घ्यायची. नाव, गल्ली, मजला, असं पुकारायचं. जो इथून बदलून गेला त्याचंही नाव पुकारायचं, आणि जो जगातूनच गेला त्याचंही. त्याच्या सर्वात जवळच्या माणसानं त्याच्यासाठी "हजर" म्हणायचं. आपल्या मंडळातून माणूस जातो, नाव जात नाही. त्या वेळी समया मंद झालेल्या असतात, धूप दाटलेला असतो, आणि कुठल्या कुठल्या जुन्या नावांना या हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यातून आवाज येतात. मला विचाराल तर मी लहानपणी म्हटलेल्या कुठल्याही कवितेहून ही कविता मोठी आहे.

शकुन पेंढारकर, शीलपाडा, दुसरा मजला. हे नाव आलं की उत्तर मीनाक्षी देते. शकुन तिच्या वरच्या मजल्यावर राहायची. तिच्या नवऱ्याची नागपूरला बदली झाली आणि दोन-तीन वर्षांत शकुन तिकडे वारली. मीनाक्षी तेराव्याला जाऊन आली. आल्यावर मला एवढंच म्हणाली, "काका, तिच्या स्वयंपाकघरात माझाच डबा होता. परत द्यायचा राहिला होता तिचा." त्या वर्षापासून शकुनच्या नावाला मीनाक्षीचा आवाज आहे.

आता मीनाक्षीविषयी. तिचा जन्म इथलाच, तिच्या वडिलांचाही इथलाच. महाराष्ट्रात ती राहिली अशी लग्नाकार्यापुरतीच. बेहाल्यातल्या एका बंगाली शाळेत तिनं पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला शिकवली. अख्खी गल्ली तिला दिदिमणी म्हणते, म्हणजे आपल्याकडच्या शाळेतल्या 'बाई'. सरकारी रिवाजाप्रमाणे निवडणुकीचं कामही तिच्याकडे असे. मतदार यादीत नाव घालायला कोणी अर्ज केला, की त्या पत्त्यावर स्वतः जायचं, दार वाजवायचं, माणूस तिथे राहतो की नाही ते बघून लिहायचं.

गेल्या वर्षी गणपतीत आपला अजेय आला होता. आभावहिनी, तुम्ही खाली बघू नका, मी तुमच्या मुलाला दोषी ठरवायला उभा नाही. चौकशी चालू आहे, ती व्हायची तेव्हा होईल. अजेयला आम्ही सगळ्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं, आपल्या नाटकात तो उंदीर झाला होता आणि शेपूट सुटली म्हणून रडला होता. आता तो एका राजकीय सल्लागार कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कोणत्या पक्षानं कुठे काय बोलावं, कोणत्या गल्लीत कोण राहतं, हे सांगणारी कंपनी. त्यानं हजेरी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाइलवर टिपली. मला म्हणाला, "काका, हे किती सुंदर आहे. असं कुठेच होत नाही. याचा व्हिडिओ झाला पाहिजे." मला आनंद झाला. तरुण माणसाला सुंदर वाटलं म्हणून कोणत्या म्हाताऱ्याला आनंद होणार नाही? मग त्यांच्या कंपनीनं याच हॉलमध्ये मतदार नोंदणीचं मदत शिबिर घेतलं. आपण टेबलं दिली, चहा दिला.

दिवाळीनंतर मीनाक्षीकडे खातरजमेसाठी नवे अर्ज आले. त्यात एक नाव होतं शकुन पेंढारकर, शीलपाडा, दुसरा मजला. फोटो कुणा अनोळखी बाईचा.

जयंतराव, तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतं? मी कागद तिथेच फाडला असता. मीनाक्षी जिना चढून वर गेली. नियम म्हणजे दार वाजवायचं, म्हणून जिच्या तेराव्याला जाऊन आली तिच्या नावानं तिनं दार वाजवलं. आत आता एक कंपाउंडर आणि त्याचं कुटुंब राहतं. त्याची बायको म्हणाली, "दिदिमणी, तुम्हीच नाही का सांगितलंत, त्या गेल्या म्हणून?" मीनाक्षी खाली आली आणि तिनं लिहिलं, या पत्त्यावर या नावाची व्यक्ती राहत नाही. मग तसेच आणखी अर्ज निघाले. सगळी आपल्या हजेरीतली नावं. कोणी पुण्याला, कोणी भोपाळला, कोणी कुठेच नाही. प्रत्येक पत्त्यावर ती गेली आणि प्रत्येकावर तिनं तेच लिहिलं.

मी अजेयला फोन केला. तो म्हणाला, "काका, आम्ही फक्त डेटा गोळा करतो. अर्ज कोण भरतं ते आमच्याकडे नसतं." आवाजात कसलीही गडबड नव्हती. मागे विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती. दुसऱ्या कुठल्या राज्याची निवडणूक असेल.

आणि मग तो व्हिडिओ बाहेर आला. कुणी सोडला, हेही चौकशीत आहे. आपल्या गणपतीची तीच हजेरी, त्यातलं तेच नाव, आणि मीनाक्षीचा स्वच्छ आवाज, "हजर." खाली लिहिलं होतं की ही बाई माणसं हजर असल्याचं स्वतः सांगते आणि यादीतून त्यांची नावं कापते. बाहेरून आलेल्या लोकांनी मत देऊ नये म्हणून कापते. मीनाक्षी निलंबित झाली. गल्लीतली पोरं, जी तिच्याकडेच अक्षरं शिकली, तिला 'नाम-काटा दिदिमणी', नावं कापणारी बाई, म्हणू लागली. एका सकाळी तिच्या दारावर काळा रंग फासलेला होता. तिनं तो रॉकेलनं पुसला. अजून पूर्ण गेलेला नाही.

सुनावणीला मी गेलो. सुनावणी घेणारा साहेब भला माणूस होता, मला खुर्ची दिली. मी त्याला आपली रीत समजावून सांगितली. गुरुजी सांगितले, तो तापकरी मुलगा सांगितला, समया सांगितल्या. मला वाटलं, मी फार चांगलं बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बंगाली रीतीनं मला काका म्हणत विचारलं, "मेशोमशाय, म्हणजे तुमच्याकडे नसलेल्या माणसासाठी असलेला माणूस हजर म्हणतो?" मी म्हटलं, "होय." तो म्हणाला, "मग तुमच्यापैकी कोणी हजर म्हणालं, तर मी त्याचा काय अर्थ लावू?" मी पुन्हा गुरुजींपासून सुरुवात केली. त्यानं मला थांबवलं आणि म्हणाला, "तुमच्या मंडळाकडून तसं लिहून आणा. हा सण आहे, ही रीत आहे, ही माणसं इथे राहत नाहीत. एवढं पुरेल."

एवढं पुरणार होतं.

आपली सभा याच हॉलमध्ये झाली. ती बंद दाराआडची होती, पण दार बंद करून आपण काय लपवलं हे आपल्याला माहीत आहे, म्हणून सांगायला हरकत नसावी. मीनाक्षी उभी राहिली. म्हणाली, "मला माझी बाजू घ्यायला नकोय कोणी. फक्त शकुन इथे राहत नाही, एवढं लिहून द्या." एक जण म्हणाले, "ते तर सगळ्यांना माहीतच आहे." मीनाक्षी म्हणाली, "मग द्या ना." तेव्हा दुसरे म्हणाले, "ताई, माहीत असणं वेगळं आणि मंडळाच्या शिक्क्यानं देणं वेगळं. आम्ही नोकरीवाली माणसं. उद्या कोण निवडून येईल, काय सांगावं?" कोणी म्हणालं, आपण इथे पाहुणे. अध्यक्षमहाराज, तुम्ही म्हणालात, मंडळानं राजकारणात पडू नये, विषय पुढच्या सभेत घेऊ. तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही मानतो. पुढच्या सभेत विषय पत्रिकेवर आलाच नाही. मी माझ्या एकट्याच्या सहीनं लिहून दिलं. साहेबानं ते ठेवून घेतलं आणि विचारलं, "मंडळाचा शिक्का?"

शेवटी निलंबन उठलं, पण ठपका राहिला आणि बदलीही झाली. ज्या गल्लीत दारावर रंग लागतो त्या गल्लीतून रोज ये-जा करण्यापेक्षा मीनाक्षीनं मुदतीआधी निवृत्ती घेतली. आता ती भाचीकडे अमरावतीला चालली आहे. जिथे तिला रस्ते माहीत नाहीत, भाजीवाला ओळखत नाही, आणि रागावली की तोंडातून बंगाली निघेल तेव्हा कोणाला कळणार नाही. तीन पिढ्या इथे राहिलेली बाई आज आपल्या गावी चालली, असं निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे. कोणाच्या गावी?

काल मी तिच्या घरी गेलो होतो. ती पुस्तकं बांधत होती. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, पुढल्या गणपतीत तुझं नाव पुकारू. तुझ्यासाठी मी हजर म्हणेन." ती दोरीची गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "काका, नाव पुकारा. पण हजर कोणी म्हणू नका. तुम्हीसुद्धा नाही. शकुन नाही हे मी खरं लिहिलं, त्यासाठी जाते आहे. मी नसताना मी आहे असं माझ्यामागे कोणी म्हणू नये."

आपल्या रीतीप्रमाणे निरोपाच्या दिवशी जाणाऱ्याचं नाव पहिल्यांदा पुकारलं जातं आणि सगळा हॉल त्याला उत्तर देतो. ते काम आज नूपुरनं माझ्याकडे दिलं आहे. मी नाव घेतो. आपण तिचं म्हणणं राखावं, ही विनंती.

मीनाक्षी वैशंपायन, शीलपाडा, पहिला मजला.

आपण गप्प राहिलात, मी आभारी आहे. त्या सभेतही अशीच शांतता होती. पण आजची तिनं मागून घेतली आहे.

आयोजकांचे, पाहुण्यांचे, आणि पुऱ्या करणाऱ्या भगिनींचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर म्हाताऱ्याचं समजून पोटात घाला. आपण जे बोललो नाही त्याची माफी मात्र मी देऊ शकत नाही. ती देणारी तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसली आहे, आणि उद्या सकाळी डमडमहून तिचं विमान आहे. नमस्कार.