उलटी फिरली तर दोन वायरी बदला

— हसा की साहेब, मी कुठं रागावले? नांदेडाहून एवढ्या लांब आले, खोक्यातून नवीकोरी केबल काढली, अन् मोडेमच्या मागं बी भोकं, केबलीच्या तोंडाला बी भोकं — काटे कुठंच न्हाईत. आता काय कशात बसवायचं, हे तर मला बी कळतं, नववीत शाळा सोडलेल्या बाईला. काय म्हणता? दोन जातीच्या केबली असत्यात, खोकं सारखंच, अन् गोडाऊनमधून दुसरीच आली? असू द्या. माझ्या लग्नाचं बी तसंच झालं, बघून दिलेलं एक अन् निघालं एक. तोंड नका पाडू, चहा घ्या आधी.

जुनी? जुनी ही बघा, टेबलाखाली. उंदरानं कुरतडली. बँकेचे मॅनेजर साहेब म्हणले, शिलाबाई, गावात कोणी वायरमन हाय का — तर कनेरगाव नाक्याला वायरमन म्हणजे देविदास. शिवारातल्या सगळ्या पाणबुडी मोटारीच्या केबलीला जॉइंट त्याचाच. आला बिचारा, मांडी घालून बसला, रंगाला रंग जोडला, वरून काळी टेप अशी गुंडाळली की विहिरीत सोडली तरी चालंल. पण ह्यात एकाच रंगाच्या किती वायरी, पांढऱ्याच मोजून सरंनात. मंग त्यानं काय केलं? मोटारीला करतो तेच. मोटार उलटी फिरली तर काय करतो आपण — व्हय ना, कोणच्या बी दोन वायरी बदलायच्या, फिरते सुलटी. त्यानं दोन बदलल्या, अन् मी ह्या राउटरच्या डब्याम्होरं बसलेली. ताई, लागला का दिवा? न्हाई रे. अजून दोन बदलल्या. आता? न्हाई. दिवसभर हेच. मोटारीला तीनच वायरी असत्यात साहेब, कुठंतरी संपतं. हे संपतच न्हाई.

आता तुमी काय करून राहिले? जुन्याचं काटेवालं तोंड कापायचं अन् नव्या केबलीला जोडायचं? जोडा, मी टॉर्च धरते. पण कोणची वायर कोणच्या काट्याची, हे कसं कळंल — मीटर लावून? अन् कोणच्या काट्याचं काम काय, हे लिहिलेला कागद? ऑफिसातच राहिला. बराबर. आज सकाळपासून मोबाइलला रेंज न्हाई, मागवणार कुठून. मागं फोनवर तुमीच म्हणले होते, मोडेमनं ताल द्यायचा अन् ह्या डब्यानं धरायचा. ताल देणारी वायरच गवसंना, मंग भजन कसं उभं राहावं.

घाई काहून म्हणजे? वरच्यांनी तुमाला सांगितलं न्हाई? उद्या संध्याकाळपर्यंत लाइन न्हाई आली तर शाखा हिंगोलीला. कायमची. मॅनेजर साहेबाला काय, रजेवरून सरळ तिकडंच जातील. बाहेर वट्ट्यावर बाया बसल्या ना, त्या तांड्यावरच्या. काठीवाली हाय ती पारुबाई. पैशासाठी अंगठा लावायला रोज पायी येऊन राहिली, अन् मी रोज म्हणते, उद्या ये. आज म्हणलं, नांदेडचे साहेब येऊन राहिले, आज होतंय. हिंगोलीला कोण नेईल तिला?

मला काय, मी रोजंदारीची, मला कोणी हिंगोलीला बोलावत न्हाई. बसंन घरी. घर म्हणजे भावाचं. भावजय चांगली हाय, खोटं काहून बोलू, वेळेवर ताट ठेवते म्होरं. फक्त कुलूप असलं तर ती येईस्तोवर वट्ट्यावर बसायचं, चावी तिच्यापाशी असती. ह्या शटरची माझ्यापाशी असती, ही बघा, गळ्यात. रविवारी बी येते मी, मॅनेजर साहेबाला माहीत न्हाई. झाडू मारते, पंखा लावते, बसते — खुर्चीत न्हाई बरं का, बाकावर. लाइन होती तवा हा हिरवा दिवा लुकलुक करायचा, घरात कोणी जागं असल्यावाणी — काय सांगून राहिले मी बी. उजेड कमी पडला का? सेल उतरलेत हो.

झाली जोडून? लावा बटन. लावा.

न्हाई?

दोन बदलून बघा. व्हय, माहीत हाय मला, ही मोटार न्हाई. तरी बदला की, कोणच्या बी. — न्हाई. अजून दोन? — बरं. ऱ्हाऊ द्या.

गाडीची येळ झाली तुमची. बराबर केबल आठ दिवसांनी पाठवता? पाठवा, हिंगोलीच्या पत्त्यावर पाठवा. न्हाई हो, तुमाला काहून बोलू, तुमी तर चहा बी थंडच पिला. पाना उचला, मीटर उचला, हे तुकडे राहू द्या, मी झाडते. अन् तिकडून नका जाऊ. इकडून, मागल्या दारानं, हौदाजवळून वाट हाय. लांब पडंल जरा, पडू द्या. म्होरून गेले तर त्या सगळ्या उठून उभ्या राहतील. जा.