हाळी

सखूबाई: मंग टँकरच्या लायनीत माझ्या मागून माझा गोकुळ कसा काय ओरडला, ते सांग तू मला.

रामहरी: मावशी, पहिले बसा ना. पाणी घ्या.

सखूबाई: पाणी नको. आषाढ लागला तरी पाऊस नाय, अन् भरला हंडा तिथंच टाकून आले मी. वळून बघते तर शेजारची शीला. हातात मोबाइल, अन् खदाखदा हसायली. म्हणती, रामहरीनं टाकलंय.

रामहरी: व्हय, मीच टाकलं. परवा भारत फुटबॉलचा कप जिंकला ना, पेनल्टीवर. सगळी पोरं इन्स्टावर रील टाकायली. माझ्याजवळ छावणीच्या ग्राउंडवरचा गोकुळचा जुना व्हिडिओ होता. गोल मारून हाळी दिली होती त्यानं, "हुर्रर्र... माय वं!" तेवढी घेतली अन् टीमच्या जल्लोषावर लावली.

सखूबाई: मेंढरं वळवायची हाळी हाय ती. त्याच्या बापाची. दुष्काळात मेंढरं इकली, शहरात आलो, तर हे येडं बॉलामागं हाळी द्यायला लागलं.

रामहरी: लोकांना लई आवडली, मावशी. केरळच्या पोरांनी लावली, बंगालच्या पोरांनी लावली. विचारायलेत, भाई, ये आवाज किसका है?

सखूबाई: अन् तू काय सांगितलं?

रामहरी: म्हणलं, दोस्त है मेरा.

सखूबाई: हाय म्हणला?

रामहरी: था लिहायला हात धजला नाय.

सखूबाई: बायपासच्या नव्या टावरच्या बांधकामावरून पडला, तवा सांगायला तूच आला होतास. दोन वर्षं झाली. आता काल गुलमंडीच्या बाजारात गेले, तर दुकानदाराच्या मोबाइलमधून तो. रिक्षात बसले, तिथं तो. कुणीबी बटन दाबतं अन् माझं लेकरू मला माय म्हणतं. लई भेले रं. वाटलं, डोकं फिरलं माझं.

रामहरी: चुकलं मावशी. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. इंडिया जिंकावी म्हणून किती जीव टाकायचा तो! म्हणलं, तो नाय तर निदान त्याचा आवाज तरी त्या गर्दीत असावा.

सखूबाई: काढ ते. माझ्यासमोर काढ.

रामहरी: काढतो. मी काढलं की माझ्यावरून घेतलेल्या बाकीच्यांचाबी आवाज जाईल. हे बघा, एवढं दाबलं की झालं.

सखूबाई: थांब. सगळीकडचा जाईल?

रामहरी: सगळीकडचा.

सखूबाई: अन् नाय दाबलं तर?

रामहरी: तरी काय, आठ दिवसांत विसरतेत लोक. दुसरी मॅच, दुसरा आवाज. असं करतो मावशी, तुमच्या मोबाइलमधी टाकून देतो. वाटंल तवा ऐकत जा.

सखूबाई: ते मी दाबल्यावर बोलंल.

रामहरी: व्हय. पाहिजे तेवढ्यांदा.

सखूबाई: त्याला हाक म्हणत नायत, रामहरी. आपण कामात असतो, ध्यानीमनी नसतं, अन् लेकरू मागून माय म्हणतं, ती हाक.

रामहरी: मंग काय करू?

सखूबाई: बटनावरचं बोट काढ. आठ दिस तर आठ दिस. हाक मारू दे त्याला.