कळविण्यास अत्यंत दुःख होते की

टाळकरी, जरा थांबा. मृदंगबुवा, हात मांडीवर ठेवा. नामस्मरण झालं, आता आख्यान. मंडळी, ऐका!

आधी एक प्रश्न. भीती कशाची वाटते तुम्हाला? सापाची? विजेची? बायकोची? — हसू नका, पुढच्या रांगेतले दोघे हसले नाहीत, त्यांना विचारा! पण मी विचारतोय ती भीती निराळी. खरं वाक्य अगदी ओठावर येतं आणि जीभ टाळूला चिकटते — ती भीती. ती आपल्या मनात घालतो कोण? दमदाटी करणारा? की दमदाटी चाललेली बघून गुपचूप घरी जाणारा? सांगा! — नाही सांगत? बरं. मग गोष्टच ऐका.

गावाचं खरं नाव मी घेणार नाही. का? आहे कारण, शेवटी सांगतो. आपण त्याला उंबरवाडी म्हणू. त्या उंबरवाडीत दिगंबर पोरे नावाचा शिंपी. वय छप्पन्न, शिक्षण सातवी, घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेता घेता सगळं राजकारण बोलायचा. दिल्लीचं बोलायचा, मुंबईचं बोलायचा. फक्त उंबरवाडीचं बोलायचा नाही! दिल्ली लांब असते हो. शिव्या तिथवर ऐकू जात नाहीत.

आणि मोबाईलवर? गावाचा एक ग्रुप होता, अडीचशे माणसांचा. त्यावर दिगंबर रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकायचा. शुभ सकाळ. बास. कारण गावात आबासाहेब होते. पंचायत त्यांची, सोसायटी त्यांची, पाण्याची टाकी त्यांच्या माणसाकडे, आणि ग्रुपचा ॲडमिनसुद्धा त्यांचाच. मागं एकानं ग्रुपवर एवढंच विचारलं होतं, की रस्ता कधी होणार? दुसऱ्या दिवशी त्याची पानटपरी जागेवर नव्हती. रस्ता होता तसाच होता, टपरी तेवढी गेली! कोणी नेली, कोणी विचारलं नाही. मग कोणी रस्त्याचंही विचारलं नाही.

तर एकदा दिगंबरच्या धाकट्या मुलीला कावीळ झाली. आळीत बघतो तर अजून आठ जणांना. नळाला पाणी यायचं ते पिवळट, त्याला वास. टाकीवर बोर्ड — दर महिन्याला धुतली जाते. आणि दिगंबरचं दुकान टाकीच्या समोर! मशीनवर बसून त्याला शिडी दिसायची. सहा महिन्यांत त्या शिडीवर माकडाशिवाय कोणी चढलं नव्हतं.

तीन दिवस लेकीच्या उशाशी बसला. चौथ्या सकाळी उठला आणि मोबाईल घेतला. काय लिहावं? गंभीर गोष्ट, तर भाषा गंभीर पाहिजे. आता गंभीर लिखाण त्यानं आयुष्यात वाचलं होतं कुठं? ग्रुपवरच! म्हणून त्यानं सुरुवात केली — "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, मी दिगंबर नारायण पोरे, वय ५६, राहणार टाकीसमोर..." आणि मग खाली टाकीचं सगळं. वर स्वतःचा फोटोही लावला. उगाच निनावी म्हणायला नको. फोटो कुठला? इस्त्रीच्या शर्टातला, हात जोडलेला.

मंडळी, तुमच्या लक्षात आलं ना काय झालं? दिगंबरच्या नाही आलं!

मोबाईल लबाड असतो. मोठा मजकूर तो पूर्ण दाखवत नाही. चार ओळी दाखवतो आणि खाली लिहितो, पुढे वाचा. आणि आपल्यात पुढे वाचायची पद्धत आहे का? गावात गुलाबराव म्हणून निवृत्त सेक्रेटरी, त्यांच्याकडे श्रद्धांजली तयारच असायची, नाव तेवढं बदलायचं. त्यांनी फोटो बघितला, "अत्यंत दुःख" बघितलं, वय बघितलं, आणि सोडली — "भावपूर्ण श्रद्धांजली. दिगंबरभाऊ, तुम्ही सदैव स्मरणात राहाल." एकानं टाकली की मागं राहायचं नसतं. दुसरी आली. तिसरी आली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. दहा मिनिटांत शेहेचाळीस!

हसताय. हसा. पण आता त्या खोलीत चला, जिथं दिगंबर मोबाईल हातात घेऊन बसलाय. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. आणि उत्तर काय येतंय? तुझ्या आत्म्याला शांती मिळो! एकाचं नाही, शेहेचाळीस जणांचं. त्याला वाटलं, ही धमकी आहे. आबासाहेबांनी सांगितलं असणार आणि अख्खा गाव त्यांच्या बाजूनं उभा राहिलाय. त्याला त्या टपरीची जागा आठवली. पाणी मागितलं, आणि आलेलं पाणी पिवळं होतं.

बायको मालन म्हणाली, आधी ते पुसून टाका, पोरीकडं बघा. आणि दिगंबरनं पुसलं. हो! मी त्याला शूर म्हणून सांगत नाही तुम्हाला. पुसलं त्यानं. पण मोबाईल विचारतो, सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी? घाबरलेल्या माणसाचं बोट, पडलं भलतीकडं. त्याच्या मोबाईलवरून मजकूर गेला, गावाच्या मोबाईलवर तसाच राहिला. याला वाटलं, माघार घेतली, आता सोडतील. तर अजून एक आली. सत्तेचाळिसावी. ती लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

दुकानाची फळी त्यानं आतून लावली. लेकीला मागच्या खोलीत नेलं, स्वतः तिच्याजवळ कणगीच्या आडोशाला बसला, हातात कापडाची कात्री. अर्ध्या तासानं बाहेर पावलं वाजायला लागली. दहा, वीस, पन्नास. बोलणं आत ऐकू येत होतं.

"बांबू आणलं का?"

"दोन आणल्यात. दोरी बी हाय."

"मग बाहेर काढा लवकर. ऊन चढायच्या आत उरकू."

मंडळी, माझ्या अंगावर आजही काटा येतो. बाहेर माणसं दुःखानं बोलत होती, आणि आत एक बाप लेकीच्या तोंडावर हात ठेवून बसला होता, तिचं कण्हणं बाहेर जाऊ नये म्हणून.

दार वाजलं. मालननं पदर खोचला आणि दार उघडलं, म्हणाली, आधी मला मारा. समोर बायका उभ्या. एकीच्या हातात तुळस, एकीच्या हातात पाण्याची कळशी. त्यांनी मालनच्या कपाळाकडं बघितलं आणि एक म्हातारी हळूच म्हणाली, "अगं, कुंकू अजून तसंच ठेवलंस?"

तेव्हा मालनला कळलं. आणि तिच्या मागून कात्रीसकट दिगंबर बाहेर आला.

काय सांगू! बांबू धरणारानं बांबू सोडला. गुलाबराव ओट्यावर बसले ते बसलेच. एक जण म्हणाला, मग मेलं कोण? दिगंबरच्या सगळं ध्यानात आलं. तो एवढंच बोलला, "म्हणजे तुम्ही कुणी वाचलंच न्हाई?"

तेवढ्यात गर्दीतून यशवंता कुदळे पुढं आला. शेजारी. सांडपाण्याच्या गटारीवरून सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद. मयताला वैर नसतं म्हणून आला होता. त्यानं आपला मोबाईल दिगंबरच्या हातात दिला. त्यावर मजकूर होता तसाच होता. म्हणाला, "मग आता वाच. आमी हाय हितंच."

आणि नेमकी तेव्हाच कोपऱ्यावर पांढरी गाडी थांबली. आबासाहेब! तेही मयतालाच आले होते, हातात मोठा हार. उतरले, दिगंबरला बघितलं, बांबू बघितले, लोकांचे चेहरे बघितले. हुशार माणूस, एका क्षणात सगळं जोडलं. हसले. अगदी गोड. "वाचा की, दिगंबरशेठ. लोकशाही हाय."

वाचलं त्यानं. टाकी सहा महिने धुतलेली नाही. आळीत नऊ जणांना कावीळ आहे. माझी मुलगी त्यात आहे. कोणावर आरोप नाही, टाकी धुवावी ही विनंती. एवढंच हो! मान वर केली तर — गर्दी पातळ झालेली. एकाला धार काढायची आठवली. एकाला दळण आठवलं. बांबूवाल्यांनी बांबू उचलले. कोणी कोणाला जा म्हणालं नाही. आबासाहेबांनी धमकीचा एक शब्द काढला नव्हता! मेलेल्याला पोहोचवायला दोनशे जण आले होते. जित्या माणसाच्या चार ओळी ऐकायला सात उरले, आणि त्यातलेही चार आबासाहेबांच्या गाडीतले.

मग आबासाहेब पुढं आले. आणि तो हार त्यांनी दिगंबरच्या गळ्यात घातला. जिवंत माणसाच्या गळ्यात, मयताचा हार. म्हणाले, "आणलेला परत न्यायचा नसतो म्हणत्यात." आणि गाडीत बसून गेले.

दिगंबर दगडासारखा उभा. गळ्यातला हार काढायचं भान नाही त्याला. काढला यशवंतानं. म्हणाला, "बोलत न्हाई मी तुझ्याशी. पर पाणी मी बी त्याच टाकीचं पितो." आणि हार घेऊन समोर गेला, टाकीच्या शिडीला बांधला. मग आपल्या घरी जाऊन खराटा घेऊन आला आणि शिडी चढायला लागला. खाली शिडी धरायला कोणीतरी हवं ना? दिगंबरनं कात्री खाली ठेवली.

त्या दिवशी टाकीतून काय निघालं ते देवाच्या दारात सांगत नाही. दोघांनी दिवस मावळेपर्यंत धुतली. मालननं पाणी शेंदलं. घराघरांच्या खिडक्यांतून गाव बघत होतं. कोणी आलं नाही. पोरगी वाचली, पण आळीतली एक म्हातारी, तुळस घेऊन आलेली, ती महिन्याभरात गेली. तिच्या श्रद्धांजल्या मात्र अडीचशे आल्या.

दिगंबर आजही घाबरतो. फळी वाजली की दचकतो. यशवंताची विहिरीवरची मोटार दोनदा जळाली, आपोआप. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते दोघं शिडी चढतात.

आता ती सत्तेचाळिसावी श्रद्धांजली. कोणाची होती? — माझी. होय, या बुवाची. न वाचता टाकली, धोतर बदललं आणि मयताला गेलो. पांढरी गाडी दिसली, आणि मला एकदम आठवलं, की मला लांब कीर्तनाला जायचंय. कीर्तन नव्हतं हो त्या दिवशी! मी मेंदीच्या कुंपणाआडून बघत होतो. म्हणून तर मला सगळं एवढं नीट माहीत आहे; घरातलं तेवढं मालननं मागाहून सांगितलं. आणि म्हणूनच गावाचं नाव घेत नाही. या मांडवाच्या कमानीवर कोणाचा फोटो आहे, ते मीही येताना बघितलंय.

तिसऱ्या रांगेत एक जण मोबाईल धरून बसलाय. धरा. मला भीती वाटतेय. पण भीती घालतो कोण, हे मी तुम्हाला सुरुवातीला विचारलं होतं. उत्तर मी कुंपणाआडून बघून आलोय. आबासाहेब एकटे होते, मंडळी. आम्ही दोनशे होतो.

घरी जाल, मोबाईल उघडाल. कोणाचं तरी दुःख कळवलेलं असेल. हात जोडायच्या आधी पुढे वाचा. तो माणूस अजून जिवंत असेल. आणि शिडी धरायला कोणीतरी लागत असेल.

दरवेळी या जागी मी एक शब्द म्हणतो आणि तुम्ही छातीभरून जयघोष करता. आज तो एकच शब्द म्हणतो, आणि थांबतो. तुमच्याकडे बघत थांबतो.

बोला.